टेबलाच्या खणातला निकाल

प्रयोगातून काहीच निघालं नाही आणि संशोधकाने तो गुपचूप बाजूला ठेवला, तर ते खोटं बोलणं होतं का? आपण पटकन ‘नाही’ म्हणतो. त्याने आकडे फिरवले नाहीत, कुणाचं चोरलं नाही. तो फक्त गप्प राहिला.

आता हे बघा. 2008 मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या 12 औषधांच्या 74 चाचण्या तपासल्या. सगळ्या अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या. नियामकाच्या मते 38 चाचण्या औषधाच्या बाजूने होत्या. त्यातल्या 37 छापून आल्या. उरलेल्या 36 पैकी 22 छापल्याच गेल्या नाहीत आणि 11 अशा मांडल्या गेल्या, की वाचणाऱ्याला यश वाटावं. खरा निकाल खरा म्हणून छापला गेला तो फक्त 3 चाचण्यांचा. औषधं कुचकामी नव्हती, पण होती त्याहून बरीच गुणकारी दिसली. डॉक्टर आणि पेशंट त्या दिसण्यावरच विसंबले.

म्हणजे एकेकाचं मौन निरुपद्रवी, पण बेरीज खोटी. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी 1979 मध्येच याला ‘फाइल ड्रॉवर’चा प्रश्न म्हटलं होतं : फसलेले प्रयोग टेबलाच्या खणात, यशस्वी तेवढे जर्नलमध्ये.

आमच्याकडे सर्व्हर कोसळला की ‘पोस्टमॉर्टेम’ लिहितात. काय केलं, कुठे फसलं. पुढच्या टीमने त्याच खड्ड्यात पडू नये म्हणून. पण ते लिहिणाऱ्याचा पगार चालूच असतो. पीएचडी करणाऱ्याची फेलोशिप संपत आलेली असते आणि जर्नलला ‘नवं’ काहीतरी हवं असतं. त्याला ‘प्रामाणिक राहा’ असा उपदेश मी खुर्चीत बसून करणं फुकटचं आहे.

म्हणून मला हा प्रश्न एकट्याच्या सद्सद्विवेकापेक्षा दाराचा वाटतो. कोणता निबंध आत घ्यायचा, हे निकाल बघून ठरत असेल तर माणसं निकालच सजवणार. ‘कॉर्टेक्स’ या जर्नलने 2013 मध्ये वेगळी वाट काढली. प्रश्न आणि पद्धत आधीच तपासायची, पटली तर प्रयोगाआधीच निबंध तत्त्वतः स्वीकारायचा. मग ठरल्याप्रमाणे काम केलं असेल, तर निकाल काहीही लागो. असं दार सगळीकडे नाही. तोवर फसलेल्या प्रयोगाला प्रबंधात एक प्रकरण देता येतं, प्रीप्रिंट म्हणून टाकता येतं. बढती त्याने मिळणार नाही. दुसऱ्या गावातल्या कुणाची तरी दोन वर्षं मात्र वाचू शकतात.