सोबतीला कोण येतंय?

सकाळी सहाच्या सुमाराला सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात डेअरीसमोर किटल्या घेऊन माणसं उभी असतात. फॅट किती लागली, उसाला तोड कधी येणार, कुणाला शुगर निघाली, कुणी गुडघा बदलून घेतला, सगळं तिथं मोकळेपणानं बोललं जातं. 'मला शौचाला रक्त पडतंय' एवढं मात्र कुणी बोलत नाही. डेअरीवर सोडाच, घरात बायकोलाही ते कळू दिलं जात नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन इलाज' असं रंगवलेलं असतं, तिथला नंबर गुपचूप टिपून घेतला जातो. पुडी सुरू होते. महिनाभर बरं वाटतं, पुन्हा रक्त दिसतं, पुन्हा पुडी. दुखणं अंगावर काढण्यात आपली माणसं भारी चिवट.

बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त असंच पडतं, आणि घरबसल्या अंदाजानं या दोहोंतला फरक ओळखता येत नाही. हा कॅन्सर सहसा सावकाश वाढतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब येतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळेच कोंब बिघडतात असं नाही. जे बिघडतात त्यांनाही कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहाएक वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत दुर्बिणीच्या तपासणीत तो दिसला आणि काढून टाकला, तर पुढचं संकट तिथंच टळतं. इतकी सवड देणारे आजार थोडेच.

मग ही सवड वाया का जाते? दवाखाना लांब आहे, असं निदान या भागात तरी म्हणता येणार नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचंच गाव झालं आहे. कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे, सांगलीला सिव्हिल आहे. रस्ता आहे, गाडी आहे. अडतं ते लाजेपाशी. डॉक्टर काय विचारतील, कुठं तपासतील, गावात कळलं तर लोक काय म्हणतील! ही लाज पत्रकं वाटून जात नाही आणि भिंतीवरच्या घोषणांनीही जात नाही.

ती कशानं जाते, हे सांगलीतल्याच एका वस्तीनं दाखवून दिलं आहे. १९९२ मध्ये मीना सरस्वती सेषू यांच्या पुढाकारानं सांगलीत 'संपदा ग्रामीण महिला संस्था', म्हणजेच 'संग्राम', सुरू झाली. एचआयव्हीच्या धास्तीचे ते दिवस. गोकुळनगरच्या वेश्यावस्तीत बाहेरून कुणी शहाणपण शिकवायला गेलं असतं, तर दारं लागली असती. तिथल्या बायकांनीच निरोध वाटायचं काम हाती घेतलं. पुढं १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. दार वाजवणारी बाई त्याच गल्लीतली, त्याच धंद्यातली. गिऱ्हाइकाला ठामपणे 'नाही' कसं म्हणायचं, हे ती स्वतःच्या अनुभवातून सांगे. आजारी मैत्रिणीला घेऊन दवाखान्यात जावं, केसपेपरच्या रांगेत तिच्याबरोबर उभं राहावं, कुणी वाकडं बोललं तर तिथंच जाब विचारावा, हेही तिचंच काम. ज्यांना समाज उपदेशाच्या लायकीचंही धरत नव्हता, त्यांनी एकमेकींचं आरोग्य सांभाळून दाखवलं.

अशी माणसं दवाखान्याला बिचकतात तेव्हा आपण चटकन त्यांना अडाणी ठरवतो. पण त्यांच्या बिचकण्यामागं बहुधा कुठला तरी अपमान असतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचंच पाहा. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ पासून १९७२ पर्यंत खुद्द सरकारी आरोग्य खात्यानं शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता न्याहाळला. पेनिसिलिन हाती आलं तरी त्यांना ते दिलं नाही. त्यांच्या नातवंडांनी कुठल्या भरवशावर डॉक्टरांपुढं जावं? आणि नेमका त्याच समाजात मोठ्या आतड्याचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो, बळीही जास्त घेतो. 'ब्लॅक पँथर' चित्रपटाचा नायक चॅडविक बोसमन २०२० मध्ये याच आजारानं गेला, अवघ्या ४३ व्या वर्षी. म्हणून तिकडं तपासणीचा निरोप चर्चमधून आणि सलूनमधून घरोघर पोचवायचे प्रयत्न होतात. त्यात सगळ्यात वजन असतं ते स्वतः तपासणी करून आलेल्या माणसाच्या शब्दाला.

आपल्या मुंबईतही याचा पडताळा आला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी होत असे. तपासणारे हात डॉक्टरांचे नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला व्हिनेगरसारख्या साध्या द्रावणानं ती करत. एवढ्यानं त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. भारी यंत्रं होती म्हणून हे घडलं नाही. ओळखीची, आपल्यासारखीच बाई बोलवायला आली, म्हणून हजारो बायका घराबाहेर पडल्या.

आज गावोगाव आशाताई तीस वर्षांपुढच्या माणसांचे फॉर्म भरतात, टेपनं कंबर मोजतात, तंबाखूचं विचारतात. सरकारी तपासणीत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. आपल्याकडे आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे तो त्या यादीत नाही. म्हणजे याबद्दल तुम्हाला विचारायला आपणहून कुणी येणार नाही. विचारलं तर आपल्यातल्याच कुणीतरी विचारायचं. बचत गटाच्या बैठकीत, भजनी मंडळात, कारखान्याच्या कँटीनमध्ये, एकानं तोंड उघडलं की दुसऱ्याचंही उघडतं. 'माझी दुर्बिणीची तपासणी झाली, एक कोंब निघाला, काढला, आता ठणठणीत आहे' असं शेजारच्या अण्णांनी सांगितलं, तर त्याचा जेवढा परिणाम होईल तेवढा दहा व्याख्यानांचा व्हायचा नाही.

कोलोनोस्कोपीला, म्हणजे या दुर्बिणीच्या तपासणीला, जाताना दवाखान्यातून आधीच बजावतात: बरोबर कुणीतरी घेऊन या. आदल्या दिवशी पोट साफ व्हायचं औषध घ्यावं लागतं, रात्रभर खेपा होतात. तपासणीच्या वेळी गुंगी देतात, त्यामुळे एकट्यानं घरी परतायचं नसतं. या तपासणीला सोबत लागतेच. ती सोबत आदल्या रात्री शोधायची वेळ येऊ नये.

तेव्हा शौचाला रक्त पडत असेल, पोटाची नेहमीची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना वजन उतरत असेल किंवा रक्त कमी भरत असेल, तर पुडीवर दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा. आई, वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला हा आजार झाला असेल, तर तपासणी केव्हा करायची हे चाळिशीच्या आतच विचारून घ्या. आणि तुमची तपासणी होऊन गेली असेल, तर ती लपवू नका, चार माणसांत सांगा. आज एखाद्या नात्यातल्या, ओळखीतल्या माणसाला स्वतःहून म्हणा, 'चल, मी येतो बरोबर.'