घाण्याची लाट

सदलग्यात दूधगंगेच्या काठावर एक घाणा होता असं समजा. बाभळीची लाट, दगडी उखळ आणि डोळ्यांना झापडं बांधलेला बैल. घाणेवाले आबा पहाटेच बैल जुंपायचे. गल्लीला जाग यायची ती लाटेच्या कुरकुरीनं. काळ्या रानातल्या शेंगांचे दाणे उखळात पडायचे, तेलाची धार लागायची आणि मागं राहायची पेंड.

त्या पेंडीकडं नीट बघा, सगळी गोष्ट तिथंच आहे. कोमट पेंडीचा एखादा खडा पोरं उचलून पळायची, बाकीची म्हशींना जायची. पेंड खाल्लेली म्हैस घट्ट दूध द्यायची आणि त्या दुधावर शेजारच्या एका विधवा बाईचं घर चालायचं. लाट झिजली की सुताराला काम मिळायचं. पेरणीला बी आबाच उसनं द्यायचे, सुगीला वळतं करून घ्यायचे. एका बैलाच्या फेऱ्यात अशी पाच-सहा घरं फिरत होती.

एका साली नदी कोपली. शेंगा रानातच कुजल्या. दूर देशाहून तेलाचे डबे आले, फुकट. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. आठ दिवसांनी गल्लीत फोडणीचा वास आला, तेव्हा बायकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पाणी ओसरलं, पुढची सुगी आली, तरी डबे येतच राहिले. आता फुकट नव्हते, पण आबांच्या तेलाच्या निम्म्या भावात होते. गरिबाला कुणी सांगावं, की महाग ते घे? तो अधिकार कुणालाच नाही. आबांचं तेल घरात पडून खवट झालं. दुसऱ्या वर्षी बैल बाजारात गेला. रानात शेंगांच्या जागी ऊस उभा राहिला. पेंड संपली, म्हैस आटली, सुतार इचलकरंजीला मागावर कामाला लागला आणि दूध विकणारी बाई सकाळी दुधाची पिशवी विकत आणू लागली. डब्यामागं वाचलेले पैसे असे चार वाटांनी घराबाहेर गेले. तेलाचा भाव रोज पेपरात येतो; बंद पडलेल्या घाण्याची पेंड मात्र कुठल्याच हिशेबात धरलेली मी पाहिलेली नाही.

आबांची नात निपाणीला कॉलेजात शिकत होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आबा, हे आपल्याच दारात झालं असं न्हाई. १९८६ साली सरकारनं तेलबियांची मोहीम काढली आणि सात-आठ वर्षांत देश आपल्यापुरतं तेल जवळजवळ स्वतः पिकवाय लागला. मग १९९४ नंतर बाहेरच्या पामतेलाला दार उघडलं, जकात उतरत गेली. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरनं येतंय. तिकडं हैती नावाचा गरीब देश हाय. त्यानं १९९५ साली तांदळावरची जकात ३ टक्क्यांवर आणली. अमेरिकेतला अनुदानाचा तांदूळ आत आला आणि तिथला भात पिकवणारा शेतकरी बुडाला. ज्यांच्या काळात हे झालं त्या अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, क्लिंटननी, २०१० साली चूक कबूल केली."

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "१९८१ ला तंबाखूच्या भावासाठी आम्ही निपाणीच्या हमरस्त्यावर बसलो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी पुढं होते. गोळीबार झाला, माणसं गेली. पण भाव पाडणारा व्यापारी डोळ्यांसमोर तरी होता. ह्या डब्याचा भाव ठरवणारा कुठं राहतो? कुठल्या रस्त्यावर बसू मी?"

चुलीपुढं आज्जी भाकरी थापत होती. तिनं हात न थांबवता सांगितलं, "पाव्हण्यानं अडल्यावेळी जेवू घालावं. आपली चूल इझवू नये. आनि आपणबी ती इझू देऊ नये."

२०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवायचं थांबवलं. त्यांच्या स्वतःच्या घरात भाव चढले होते, आधी आपली माणसं हा त्यांचा विचार. बंदी चार आठवड्यांतच उठली. पण तेवढ्यात आज्जीनं पळीची फोडणी चमच्यावर आणली. गावात घाणा नव्हता, रानात शेंग नव्हती. उसाचं म्हणाल, तर त्याच साली १ जूनपासून आपल्या सरकारनंही साखरेच्या निर्यातीवर मर्यादा घातली. कारण तेच, आधी घरची माणसं. नात ते वाचून म्हणाली, "आज्जी, कुठल्यातरी गरीब गावातली एक बाई आज चहात साखर कमी घालताना आपल्याला काय म्हणत असंल?" आज्जीनं उत्तर दिलं नाही. त्या रात्री तिनं माळ्यावरचं मडकं उतरवलं. त्यात राख घालून राखलेल्या, फोलासकटच्या शेंगा होत्या. दर साली परड्यात दोन सऱ्या लावून तिनं ते बी जितं ठेवलं होतं. पोराबाळांनी चिडवलं तरी तिनं सोडलं नव्हतं.

पुढं पुन्हा पाणी चढलं. ह्या खेपेला बाहेरगावचा एक तरुण आला आणि डब्यांचा ट्रक आणण्याआधी ओसरीवर बसून विचारू लागला, "आबा, काय पाठवू?"

"बाळ, तेल पाठव, पंधरा दिवसांचं. लेकरं उपाशी हायती. त्येच्यावर एक डबाबी नको. मग पेरणीच्या आधी शेंगाचं बी आण, सगळ्या गल्लीला पुरंल एवढं. एक बैल लागंल. तो फुकट नको, सुगीला फेडतो."

तरुण वहीत लिहून घेत होता. आबा थांबले, त्याचं लिहून होऊ दिलं.

"आणि सुगी झाली की परत ये. आमचं तेल विकत घ्यायला."

सुताराला इचलकरंजीला निरोप गेला होता. तो एस.टी.नं आला, परड्यातल्या जुन्या बाभळीच्या बुंध्याभोवती त्यानं दोरी गुंडाळली आणि घेर मोजला.