धनकोपऱ्याचे पैसे

मी जे विकते त्यावर माझा विश्वास नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते पूर्ण खरं नाही, म्हणून हे लिहायला बसले. फिलाडेल्फियाच्या आसपासच्या उपनगरांत मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते. गिऱ्हाईकं बहुतेक अमेरिकन, थोडी आपली. त्यांतल्या बऱ्याच जणांना नुसते सोफे-पडदे नको असतात, फेंगशुईही हवी असते. मी ती देते. बिलात तिची वेगळी ओळ नसते. रंग, फर्निचर, दिवे यांत ती मिसळून जाते. ती ओळ वेगळी का नसते, हे मी स्वतःला आजवर विचारलं नव्हतं.

साताऱ्यातल्या ज्या घरात मी वाढले, त्या घराची वास्तुशांत झालेली नव्हती. वडील शिक्षक. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्याख्यानांना ते आम्हा भावंडांना घेऊन जायचे. आमचं दार दक्षिणेला होतं आणि तरी कुणाचं काही वाकडं झालं नाही, हे ते आल्यागेल्याला मुद्दाम सांगायचे. पुढं पुण्यातल्या मामेभावानं वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून ईशान्येचा चांगला धडधाकट संडास फोडून दुसरीकडं हलवला, तेव्हा भर पंगतीत मी त्याला वेड्यात काढलं. दादा नुसता हसला. त्याच सुमारास इथं पेन्सिल्व्हेनियात मी एका बाईंच्या बाथरूमच्या दाराला बाहेरून आरसा लावून देत होते, त्यांची संपत्ती आत वाहून जाऊ नये म्हणून. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, ही म्हण माझ्या बाबतीत उलटी फिरते. आपलं ते खूळ आणि चिन्यांचं ते प्राचीन ज्ञान.

असं का, याचं एक उत्तर मला फारसं आवडत नाही, पण तेच खरं वाटतं. वास्तुशास्त्राशी माझं भांडण घरातलं आहे. त्यात वडील आहेत, नातेवाईक आहेत, मुहूर्त काढणारे गुरुजी आहेत. तिथं भूमिका घ्यावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते. फेंगशुई परकी आहे. तिच्यापायी माझ्या घरात कुणी रुसत नाही. शिवाय गोऱ्या गिऱ्हाइकाला मी ‘तिकडची’ वाटते. चीन आणि भारत यांच्यामधला हिमालय त्यांच्या नजरेत फारसा उंच नसतो. हे ज्ञान माझ्याकडं वारशानं आलं असावं असं ते गृहीत धरतात, आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलेलं नाही. मी शिकले ती इंग्रजी पुस्तकांतून आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळांतून, त्यांच्याच देशात.

आणि जे शिकले ते मुळात काय होतं? चौथ्या शतकात होऊन गेलेल्या गुओ पू यांच्या नावावर दफनविधीचा एक ग्रंथ आहे. या विद्येचा तो पाया मानला जातो आणि त्याचा विषय आहे थडगी. आईवडलांना कुठं पुरलं म्हणजे पुढच्या पिढ्यांना बरं, हा मूळ प्रश्न. तांग काळात यांग युनसोंग यांच्या नावाशी जोडलेली परंपरा जिआंगशी प्रांतात डोंगरांचे आणि पाण्याचे आकार वाचायची. दुसरी, फुजियानशी जोडलेली परंपरा, होकायंत्रावर उभी राहिली. त्यांच्या लुओपान नावाच्या तबकडीवर चोवीस दिशा असतात, प्रत्येक पंधरा अंशांची. घराची पाठ डोंगराला, तोंड दक्षिणेला, समोर पाणी. उत्तर चीनमध्ये याला सरळ कारण आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून वायव्येचा बोचरा वारा येतो आणि ऊन मिळतं ते दक्षिणेकडूनच. बीजिंगची जुनी चौक असलेली घरं म्हणूनच उत्तरेला पाठ करून बसतात आणि मुख्य दालन दक्षिणेकडं उघडतं.

आता गंमत अशी, की बीजिंग आणि फिलाडेल्फिया दोन्ही जवळजवळ चाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत. इथंही हिवाळ्यात वारा वायव्येचा आणि ऊन दक्षिणेचं. सिडनीत हा नियम उलटा करावा लागेल आणि पुण्यात त्याला फारसा अर्थ उरत नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांच्या अंगणात तो जसाच्या तसा लागू पडतो. उत्तरेला सदाहरित झाडांची दाट रांग, दक्षिणेला मोठ्या खिडक्या, एवढं केलं तरी गॅसचं बिल खाली येतं. चिनी परंपरेतला जो भाग इथं काही न बदलता आणता आला असता, तोच नेमका आम्ही टाकून दिला.

टाकून देण्यामागं अडचण खरी होती. इथल्या वसाहतींत रस्ते वळणावळणाचे आणि घराचं तोंड रस्त्याकडं. रस्ता जाईल ती दिशा. बीजिंगमध्ये जन्मलेले आणि तैवानमार्गे आलेले लिन युन १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात शिकवू लागले. १९८६ साली बर्कलीत त्यांचं मंदिर उभं राहिलं. त्यांच्या पंथानं होकायंत्र बाजूला ठेवलं आणि नऊ कप्प्यांचा बागुआ नकाशा थेट घराच्या दाराला जोडला. दारात उभं राहा, आत पाहा: दूरच्या डाव्या कोपऱ्यात संपत्ती, उजव्या कोपऱ्यात नातेसंबंध, मधोमध आरोग्य. १९८३ मध्ये सारा रॉसबाख यांचं पुस्तक आलं आणि हा नकाशा अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोचला. मी वापरते तो हाच.

हा नकाशा कुठल्याही घरावर बसतो, हीच त्याची खुबी, आणि मला वाटतं हीच त्याची खोट. मुळात अमेरिकन उपनगरात पुढचं दार कुणी उघडतच नाही. माणसं गाडीसकट गॅरेजमध्ये शिरतात आणि धुण्याच्या खोलीतून स्वयंपाकघरात येतात. ‘ची’ नावाची ऊर्जा मात्र बिचारी पुढच्या दारातूनच यायची! त्या दारापासून मोजलं की बऱ्याच घरांत धनकोपरा नेमका पाहुण्यांच्या संडासात निघतो. मग उपाय करायचे. कमोडचं झाकण मिटलेलं ठेवा, दाराला आरसा लावा, आत ‘लकी बांबू’ ठेवा. हा लकी बांबू बांबू नाही. ते ड्रासिना जातीचं मध्य आफ्रिकेतलं झुडूप आहे.

हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागात जुन्या खेड्यांच्या पाठीशी जंगलाचे पट्टे आहेत. त्यांना फेंगशुईची रानंच म्हणतात आणि अशी शंभराहून अधिक रानं अजून टिकून आहेत. गावाला पाठराखण हवी म्हणून ती राखली. कुणी त्यांना कुऱ्हाड लावली नाही. त्यांनी उताराची माती धरून ठेवली, वारा अडवला, सावली दिली. आपल्या देवराईसारखंच हे. एका कुटुंबानं झाड तोडलं तर नुकसान गावाचं, हा हिशेब त्यात होता. डोंगर फोडला की मेलेल्यांचं काय आणि शेजाऱ्याचं काय, हे प्रश्न होते. मी विकते त्या आवृत्तीत पूर्वज नाहीत, शेजारी नाहीत, डोंगर तर नाहीच. आहे एक माणूस, त्याचं कर्ज काढून घेतलेलं घर आणि त्याच्या इच्छांचे नऊ कप्पे. अख्ख्या रानातून माझ्या हाती राहिली ती एक कुंडी, तीही आफ्रिकेची.

मी स्वतःला मोठ्यांची नावं सांगून समजावत आले. हाँगकाँगमध्ये नॉर्मन फॉस्टर यांनी बँकेची इमारत उभारताना फेंगशुईचा सल्ला विचारात घेतला. तिथल्या डिस्नेलँडनं तिच्यासाठी प्रवेशद्वार बारा अंशांनी फिरवलं. मग माझ्यासारखीनं आरसा लावला तर काय बिघडलं? पण तिथं ती आसपासच्या लोकांची श्रद्धा होती. परक्या गावात येऊन त्यांच्या मनाला खुपेल असं बांधू नये, हे सौजन्य झालं. माझ्या गिऱ्हाइकाच्या गल्लीत ती श्रद्धा कुणाचीच नाही. ती मीच पिशवीतून घेऊन जाते.

तरी सगळंच भोंदूगिरी म्हणून झटकता येत नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू भक्कम भिंतीला असावी, दार नजरेत असावं पण अगदी समोर नसावं, हा नियम मी डोळे मिटून पाळते. इंग्लंडचे भूगोलतज्ज्ञ जे अॅपलटन यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं की माणसाला अशी जागा आवडते जिथून समोरचं दिसतं आणि पाठ सुरक्षित राहते. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी पेन्सिल्व्हेनियातल्याच एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे शस्त्रक्रियेचे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान होता, तेवीस जोड्यांचा, पण माझ्या अनुभवाशी जुळतो. नवरा गेल्यावर रात्र रात्र जागणाऱ्या एका बाईंचा पलंग मी दाराच्या रेषेतून काढून कोपऱ्यात नेला. झोप लागू लागल्याचं त्यांनी कळवलं. फेंगशुईनं केलं असं त्या म्हणाल्या. हो म्हणताना मला काही टोचलं नाही आणि अजूनही टोचत नाही. त्यांनी मला पलंगाचे पैसे दिले होते आणि पलंग खरोखर हलला होता.

टोचतो तो दुसरा माणूस. औषध कंपनीतली नोकरी गेलेला, पन्नाशीचा, दोन मुलं कॉलेजात. त्यानं विचारलं, धनकोपऱ्याचं काही करता येईल का? मी तिथला अडगळीचा ढीग काढला, जांभळा रंग दिला, दिवा लावला. हे करताना तो माझ्याकडं डॉक्टरकडं पाहावं तसा पाहत होता. काही महिन्यांनी त्याला नोकरी लागली. त्यानं श्रेय मला दिलं, त्याच्या मित्रानं मला बोलावलं आणि मी गेले. माझं काम चोख होतं, कोपरा खरंच छान दिसत होता. पण नोकरी नसलेल्या माणसाकडून मी जांभळ्या रंगाचे नव्हे, आशेचे पैसे घेतले, आणि आशा कुठल्या कोपऱ्यात राहते हे मला ठाऊक नव्हतं. मामेभावाच्या वास्तुतज्ज्ञानं निदान संडास तरी फोडायला लावला. दादाला तो खर्च डोळ्यांनी दिसला. मी तर खर्च दिसूही दिला नाही.

वडील असते तर त्यांनी विचारलं असतं, मग धंदा बंद करणार का? नाही. घरं चुकीची बांधली जातात, माणसं दाराकडं पाठ करून वर्षानुवर्षं बसतात, पलंगाच्या डोक्यावर तुळई असते, खिडकीसमोर कपाट असतं. हे सुधारणं ही माझी विद्या आहे आणि ती मी मेहनतीनं मिळवली आहे. चिनी वेष न चढवता ती विकली तर गिऱ्हाईकं कमी होतील, हे मला माहीत आहे. इतके दिवस गप्प राहण्याचं तेच कारण होतं. पुण्याला गेले की दादाशीही बोलायचं आहे. त्याचं चुकलंच होतं, पण ते सांगायचा अधिकार त्या दिवशी माझा नव्हता.

यापुढं बिलात फेंगशुईची ओळ वेगळी असेल आणि तिच्यापुढं शून्य असेल. धनकोपरा मी दाखवणार नाही. पलंग हलवायला सांगेन, आणि त्याचे पैसे घेईन.