ख्रिस्तचरित्राचें भव्य चित्र

पवित्र गोष्टीवर जितका अधिक खर्च तितका तिचा अधिक मान, असें मानण्याची आपणांस संवय आहे. ती कितपत खरी, हें एका चित्रपटावरून पाहूं.

1965 सालीं अमेरिकेंत जॉर्ज स्टीव्हन्स यांचा ‘दि ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ हा ख्रिस्तचरित्राचा चित्रपट निघाला. सुमारें दोन कोटि डॉलर त्यांत ओतले गेले. परंतु पुष्कळ लोक निराश होऊन परतले, व घातलेलें द्रव्यहि निघालें नाहीं. त्यांत थट्टा नाहीं, पाखंड नाहीं. आदर तर पदोपदीं आहे. मग उणें काय पडलें?

लहानसहान भूमिकाहि नामांकित नटांस दिल्या होत्या. वधस्तंभापाशीं रोमी शताधिपति बोलतो, तेव्हां पाहणाराचें लक्ष प्रभूवरून उडून ‘हा तर जॉन वेन!’ इकडे जातें. कारण घोडा व बंदूक घेतलेला तो नट घरोघरीं ओळखीचा. यहूदीयाच्या जागीं अमेरिकेंतील युटा व ॲरिझोना येथले अफाट कडे दाखविले आहेत. कडे सुंदर आहेत, पण त्यांपुढें माणूस मुंगीएवढा दिसतो. आणि शुभवर्तमानांत तर कुष्ठरोगी, विधवा, जकातदार हींच माणसें मोठीं आहेत.

चारहि शुभवर्तमानांत प्रभूच्या वर्णाचें किंवा उंचीचें वर्णन नाहीं. पण रात्रभर रिकामें राहिलेलें जाळें, आणि पहांटे कांठावर विस्तव व त्यावर मासळी, हें योहानानें सांगितलें आहे. हर्णेच्या किनाऱ्यावर जेथें मासळीचा लिलाव होतो, तेथील कोळ्यास तो विस्तव समजावयास दोन कोटि लागत नाहींत. तथापि पडद्यावरचा थाट पाहून आलेल्या तरुणास उपदेशकाचें साधें सांगणें फिकें वाटूं लागतें, ही आमची खरी चिंता आहे.

सगळाच दोष पडद्याचा असेंहि नव्हे. 1910 च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनीं मुंबईस ख्रिस्तचरित्राचा एक मुका चित्रपट पाहिला. तो पाहतांना त्यांच्या मनांत राम व कृष्ण उभे राहिले, आणि 1913 सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला. (हें ऐकून एखाद्या उपदेशकास खेद होईल, आम्हांस होत नाहीं.) त्या मुक्या चित्रांत पाहणाराच्या मनास शिरावयास वाट होती.

1829 सालीं जॉन विल्सन विलायतेहून आले, ते प्रथम बाणकोट व हर्णे येथें मराठी शिकले. गोष्ट सांगण्यापूर्वीं ऐकणाराचे शब्द शिकावे लागतात, ती मेहनत त्यांनीं याच किनाऱ्यावर केली. स्टीव्हन्स यांच्या चित्रपटांत स्वीडनचा नट मॅक्स फॉन सिडो येशूच्या वेषांत गंभीरपणें व स्वच्छ बोलतो. पण कोणाशीं बोलतो, तें कळत नाहीं.