प्रेमस्वरूप देव आणि नरक

रिद्धपूरला मी प्रथम गेलो तो भाविक म्हणून नव्हे, तर एका सहकाऱ्याला सोबत म्हणून. अमरावतीच्या एकाच शाळेत आम्ही दोघांनी अनेक वर्षे अध्यापन केले. ते मराठी शिकवीत, मी गणित. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या महानुभावीय, आमचे कॅथलिक. मधल्या सुट्टीत डबा खाताना आमच्या धर्मविषयक गप्पा पुष्कळ होत. पण त्या गप्पाच असत, त्यांत कोणाचे काही पणाला लागलेले नसे.

मोर्शी तालुक्यातील हे गाव मराठी वाङ्‌मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने तरी परिचित असते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते येथेच, आणि आता मराठी भाषेचे विद्यापीठही येथेच स्थापन झाले आहे. पण महानुभावीयांच्या लेखी या भूमीचे मोल वेगळे आहे. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे हे गाव. लोकांना ते वेडे वाटत. ते मुलांत खेळत, मनात येईल त्याच्या घरात शिरत, जातीपातीचा विधिनिषेध पाळीत नसत. तरी गावातील माणसे त्यांना आई आणि बाप दोन्ही म्हणत आली. पंथाच्या श्रद्धेनुसार हा वेडा पुरुष म्हणजे साक्षात परमेश्वराचा अवतार.

ते वर्ष २००६ होते. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली ती त्याच जुलैत. त्याच पावसाळ्यात माझ्या सहकाऱ्यांच्या धाकट्या भावाने कपाशीवर फवारण्याचे औषध प्राशन केले. दोन दिवस तो दवाखान्यात होता. दिवस झाल्यानंतर आम्ही रिद्धपूरला गेलो. दर्शन आटोपून झाडाखाली बसलो असता ते एकाएकी म्हणाले, "सर, एक विचारू काय? तुमच्या धर्मात अशा माणसाला नरकच सांगितला आहे न? तोही कायमचा?"

मी तत्परतेने, आणि आज वाटते की फारच तत्परतेने, उत्तर दिले. देव कोणालाही नरकात लोटत नाही, देवाकडे पाठ फिरवून माणूसच तो निवडतो, असे मी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यानं काही निवडलं नाही, सर. त्याच्याजवळ निवडायला काही उरलंच नव्हतं."

माझे उत्तर चुकीचे नव्हते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात नरकाची व्याख्या जवळजवळ अशीच आहे : देवाच्या सहवासातून माणसाने स्वतःला अखेरचे वगळून घेणे. देवाने कोणालाही नरकासाठी आधीच नेमलेले नाही, हेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २८ जुलै १९९९ रोजीच्या प्रवचनात सांगितले की नरक हे ठिकाण नव्हे, तर देवापासून स्वेच्छेने व कायमचे दुरावलेल्याची ती अवस्था आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ज्वाळा, शिंगे आणि त्रिशूळ यांचे जे रंगीत चित्र भिंतीवर टांगलेले असे, त्यापेक्षा ही शिकवण कितीतरी खोल आहे. तरीही झाडाखाली बसलेल्या त्या माणसापुढे ती लंगडी पडली. तिच्यात निवडीला फार वजन आहे आणि आपली निवड बहुधा अर्धी आंधळी असते. लहान मूल विहिरीच्या काठावर गेले तर कोणती आई म्हणेल, त्याचे स्वातंत्र्य मला मोडवत नाही?

हा प्रश्न मराठी ख्रिस्ती मनाला नवा नाही. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित. जॉन म्यूर यांच्या ख्रिस्ती धर्माचे मंडन करणाऱ्या संस्कृत ग्रंथाला त्यांनी १८४४-४५च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथाने उत्तर दिले. त्यांच्या आक्षेपांचा गाभा हाच होता. एका अल्प आयुष्यातील पापाला अनंत शिक्षा हा कोणता न्याय? ज्यांच्या कानी शुभवर्तमान कधी पडलेच नाही त्यांचे काय? कर्मसिद्धांतात निदान शिक्षेला माप असते, भोग संपतो. येथे तो संपतच नाही. नवल असे की याच गोऱ्यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे फादर गोरे म्हणून ते अँग्लिकन पंथात प्रसिद्धी पावले. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यात त्यांच्या लेखनाचा वाटा आहे. परंतु नरकाविषयीची शंका बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाही. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ख्रिस्तावर निष्ठा ठेवूनही हा काटा ते मनात बाळगून होते. मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो यासाठीच. शंका आली म्हणून त्यांनी श्रद्धा टाकली नाही, आणि श्रद्धेच्या भरात शंका संपल्याचे सोंगही आणले नाही.

मग नरक ही कल्पनाच सोडून का देऊ नये? आजकाल अनेक सुशिक्षित कॅथलिकांनी गाजावाजा न करता ती सोडलेलीच आहे. मला ते जमत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा वऱ्हाडातच आहे. ज्या सावकाराने त्या मृत भावाचे शेत गिळले, ज्याने नकली बियाणे विकले, त्यांच्या करणीला देवाच्या दरबारी काहीच वजन नसेल, तर त्या प्रेमाला प्रेम तरी कसे म्हणावे? पिडलेल्यांचे अश्रू ज्याला दिसत नाहीत तो देव प्रेमळ नव्हे, केवळ गुळमुळीत आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्याने दारातल्या लाजरसला मारले नव्हते, हाकललेही नव्हते. तो रोज त्याला ओलांडून जात असे, एवढेच.

येथे एक गोष्ट माझ्या ध्यानी फार उशिरा आली. नरकाविषयी येशू बोलतो, आणि कठोरपणे बोलतो, हे खरे. पण कोणाशी? परूश्यांशी, धनिकांशी, स्वतःच्या पुण्याविषयी निश्चिंत असणाऱ्यांशी, आणि कधी कधी आपल्या शिष्यांशी. रडत त्याच्याकडे आलेल्या एकाही माणसाला त्याने नरकाची भीती घातलेली नाही. ना व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला, ना वधस्तंभावरील चोराला. ही शिकवण ऐकणाऱ्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून ऐकायची आहे. ती उचलून शेजाऱ्याच्या मेलेल्या भावावर ठेवली की ती शिकवण राहत नाही, दगड होतो. रिद्धपूरच्या झाडाखाली मी त्या सद्‌गृहस्थांना सिद्धांत सांगितला तेव्हा नकळत हेच केले होते.

आपल्या ख्रिस्तसभेकडूनही हे झाले आहे, हे कबूल करावे. १९१७च्या धर्मविधिसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. कुंपणाबाहेर पुरलेल्या एका नातेवाइकाची गोष्ट माझी आजी आवाज उतरवून सांगत असे, आणि सांगून झाल्यावर क्रुसाची खूण करी. १९८३च्या नव्या संहितेत तो निर्बंध राहिला नाही. १९९२चा धर्मशिक्षण ग्रंथ याहून पुढे जातो. आत्महत्या हे गंभीर पाप आहे, हे तो सोडत नाही. पण मनाचा तीव्र विकार, यातना, संकटाची भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते असे सांगतो, आणि अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नका, त्यांना पश्चात्तापाची संधी देण्याच्या वाटा देवाला ठाऊक आहेत, असा धीर देतो. आर्सचे धर्मगुरू संत जॉन व्हियान्नी यांची कथा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. पुलावरून नदीत उडी घेतलेल्या माणसाच्या पत्नीला त्यांनी सांगितले होते की कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला. त्या भावाला तर दोन दिवस मिळाले होते. ते दोन दिवस दवाखान्यातल्या खाटेवर त्याच्यापाशी कोण बसले होते, हे आपण कसे सांगावे?

शेवटी सर्वांचेच तारण होईल, असे निश्चयाने म्हणावे का? ओरिजेनच्या नावाशी जोडलेल्या तशा मताला सहाव्या शतकात ख्रिस्तसभेने नकार दिला, आणि मला तो नकार पटतो. देवाने केलेच पाहिजे असा हिशेब मांडला की कृपा ही कृपा राहत नाही. पण निश्चय वेगळा आणि आशा वेगळी. ख्रिस्तसभेने हजारो संतांची नावे जाहीर केली. अमुक माणूस नरकात आहे असे मात्र तिने एकाही माणसाविषयी, यहूदाविषयीसुद्धा, कधी जाहीर केलेले नाही. संध्याकाळी घरोघर जपमाळेची दर दहा मणी झाल्यावर आपण फातिमाची छोटी प्रार्थना म्हणतो, तीत सर्व आत्म्यांना स्वर्गात नेण्याची याचना असते. 'सर्व' हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारला आहे की त्याचा अर्थ आपल्या कानी पडेनासा झाला आहे. १८८७ साली चौदा वर्षांच्या तेरेजाने प्रांझिनी नावाच्या खुन्यासाठी अशीच याचना केली. त्याने दोन स्त्रिया आणि एका मुलीचा जीव घेतला होता. वधस्थानी पोहोचेपर्यंत पश्चात्तापाची काही खूण नव्हती. मग अखेरच्या क्षणी त्याने क्रुसाचे चुंबन घेतले. तेरेजा पुढे त्याला आपले पहिले मूल म्हणत असे. नरक नाही असे तिने मानले नव्हते. तो आहे, म्हणूनच ती रात्रंदिवस प्रार्थना करीत होती.

परतीच्या एस.टी.त माझ्या सहकाऱ्यांनी मला एक शब्द शिकवला. महानुभाव तत्त्वज्ञानातही नरक आहेत, जीवाचे भोग आहेत, द्वैताची कडक शिस्त आहे. पण परमेश्वराच्या कृपेला तेथे एक नाव आहे, 'जीवोद्धरणव्यसन'. जीवांना तारण्याचे देवाला व्यसनच आहे म्हणे! देवाला व्यसनी म्हणणे ऐकून मी प्रथम दचकलो. मग शंभरातले एक मेंढरू हरवले म्हणून नव्व्याण्णव रानात सोडून निघालेला मेंढपाळ मला आठवला. गणिताचा शिक्षक या नात्याने तो व्यवहार मला कधीच समजला नव्हता. त्यांचा अवतारविचार आणि आपली श्रद्धा एकच आहे, असे मी म्हणणार नाही. त्यांनाही ते आवडणार नाही. पण ख्रिस्त अधोलोकात उतरला हे वाक्य मी लहानपणापासून दर रविवारी मिस्सात प्रेषितांच्या विश्वासांगीकारात म्हणत आलो आहे. तो तेथे कशासाठी उतरला असावा, याचा विचार मी त्या दिवशी एस.टी.च्या खिडकीपाशी बसून प्रथम केला.

चांदूर बाजारचा फाटा मागे पडल्यावर ते म्हणाले, "तुमच्या देवळात त्याचं नाव घेता येईल काय?"

नोव्हेंबरात आमच्या धर्मग्रामात मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या वेदीजवळच्या पेटीत टाकतात. त्या वर्षी आईवडिलांच्या आणि आजीच्या नावांखाली मी त्याचे नाव लिहिले. काही वेळ थांबलो, आणि मग आजीच्या त्या कुंपणाबाहेरच्या नातेवाइकाचेही नाव लिहिले. फादरांनी सर्व मृतांच्या दिवशीच्या मिस्सात यादी वाचली तेव्हा शेवटच्या बाकावर माझे सहकारी आपल्या वहिनीसह बसले होते.