एक होण्याची किंमत कोणीं द्यावी?

मुलींच्या एखाद्या संस्थेच्या गांवोगांवीं पसरलेल्या शाखा मोडून त्यांची एकच शाखा करावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां हिशेबाचा दिसतो. एका शाखेंत सहा मुली, दुसरींत नऊ, तिसरींत चाळीस. वह्या तीन, पेट्या तीन, आणि शिकविणारी बाई मात्र एकच. तिन्हींची मिळून एक शाखा केली तर खर्च वांचेल, बाईंची धांवपळ कमी होईल, आणि मुलींस अधिक सोबत मिळेल, असें कोणीही समंजस मनुष्य म्हणेल. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. तथापि आमच्या मतें हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून नीतीचा आहे. आपल्या लोकांनीं एक व्हावें अशी प्रभूनें स्वतः प्रार्थना केली (योहान १७), तेव्हां एक होणें चांगलें, ह्याविषयीं आपणांमध्यें वाद नाहीं. परंतु एक होण्याला किंमत पडते. ती कोणीं द्यावी, हें जोंवर कोणी विचारीत नाहीं, तोंवर ऐक्याच्या नांवाखालीं अन्याय होण्याचें भय असतें.

आमच्या वाचकांपैकीं जे पिंपरी-चिंचवड व चाकण ह्या बाजूस राहतात, त्यांच्यापुढें ह्या गोष्टीचे दाखले रोजच असतात. पवना नदी दापोडीजवळ मुळेला मिळते, आणि तेथून पुढें पवनेचें नांव राहत नाहीं. तीच मुळा पुण्यास मुठेला मिळते; पण तेथें दोघींचीं नांवें राहतात, आणि लोक त्या प्रवाहाला मुळा-मुठा म्हणतात. पाणी दोन्ही ठिकाणीं सारखेंच एक होतें. नांवाचा न्याय मात्र दोन ठिकाणीं दोन प्रकारचा झाला. गांवांचेंही असेंच आहे. ४ मार्च १९७० रोजीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ह्या चार गांवांची मिळून एक नगरपालिका झाली, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं तिची महानगरपालिका झाली. चौघांनीं मिळून घर मांडलें, पण दारावर पाटी दोघांचीच लागली. त्यामुळें भोसरी किंवा आकुर्डी नाहींशी झाली असें नाहीं. तरी एकत्र होतांना सर्वांस सारखेंच सोडावें लागतें असें नाहीं, एवढें ह्यावरून ध्यानांत यावें.

आतां मुलींच्या संस्थांकडे वळूं. आपल्या देशांत गर्ल गाइडांचें काम १९११ सालीं जबलपूर येथें सुरू झालें. मुलांच्या स्काउट चळवळीच्या मात्र पुढें निरनिराळ्या संस्था झाल्या. एक मूळ बेडन-पॉवेल साहेबांच्या संस्थेशीं जोडलेली होती. दुसरी हिंदुस्थान स्काउट संस्था, जी पंडित हृदयनाथ कुंझरू यांसारख्या देशभक्तांनीं वाढविली. स्वातंत्र्यानंतर हा दुजाभाव कोणालाच बरा वाटेना. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं ह्या संस्था एक झाल्या, आणि नव्या संस्थेस भारत स्काउट्स आणि गाइड्स हें नांव मिळालें. गर्ल गाइडांची संस्था त्या दिवशीं आंत आली नाहीं. ती १५ ऑगस्ट १९५१ रोजीं, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळानें आली.

ह्या इतिहासांतील तीन गोष्टी आम्हांस विचार करण्यासारख्या वाटतात. पहिली ही कीं, गर्ल गाइडांची संस्था येण्यापूर्वींच नव्या नांवांत गाइडांची जागा होती. ताट आधीं मांडलें गेलें, आणि बहीण मागाहून पंक्तीस बसली. दुसरी ही कीं, त्या नऊ महिन्यांमुळें ऐक्य बिघडलें नाहीं. थांबणें म्हणजे फुटणें नव्हे. तिसरी ही कीं, एका छपराखालीं आल्यावरही मुलींचा विभाग मुलींचाच राहिला. त्यांच्या बुलबुल, गाइड व रेंजर ह्या पायऱ्या निराळ्या आहेत, त्यांच्यावर स्त्रिया आयुक्त असतात, आणि १९२८ सालीं स्थापन झालेल्या मुलींच्या जागतिक संघाशीं त्यांचें नातें तुटलें नाहीं. त्याच संघाचें एक जागतिक केंद्र पुण्यास आळंदी रस्त्यावर आहे. तें १६ ऑक्टोबर १९६६ रोजीं उघडलें, आणि त्याचें नांव संगम असें ठेविलें. नद्यांच्या ह्या प्रदेशाला शोभेल असेंच तें नांव आहे.

दुसरा दाखला परदेशचा आहे. अमेरिकेंत गर्ल स्काउट संस्थेच्या ३०० हून अधिक प्रादेशिक परिषदा होत्या. २००६ पासून मुख्य संस्थेनें त्या एकमेकींत मिळवून सुमारें ११० वर आणिल्या. हेतु वाईट नव्हता. मोठ्या परिषदेस पैसा अधिक मिळेल व मुलींची सेवा अधिक होईल, असा विचार होता. परंतु विस्कॉन्सिन प्रांतांतील मॅनिटू नांवाची परिषद मिळून जाण्यास तयार होईना. भांडण न्यायालयांत गेलें, आणि २०११ सालीं अपील न्यायालयानें त्या परिषदेच्या बाजूनें निकाल दिला. इतर कांहीं ठिकाणीं शाखा एक झाल्यावर मुलींच्या जुन्या शिबिरांच्या जागा विकण्याची गोष्ट निघाली, आणि तेथें लहानपणीं तंबूंत निजलेल्या आयांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. भावाभावांनीं न्यायालयांत जाऊं नये, असें पौलानें करिंथकरांस बजाविलें आहे (१ करिंथ. ६). पण तेंच वचन जो दुर्बळास न्यायालयाच्या दारापर्यंत ढकलतो त्यालाही लागू आहे, हें आपण बहुधा विसरतों.

ह्या बाबतींत शास्त्र काय शिकवितें? गणनेच्या पुस्तकांत (अध्याय २७) सलाफहादाच्या पांच मुलींची गोष्ट आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा हीं त्यांचीं नांवें. बाप वारला, भाऊ नाहीं. तेव्हां वतनाच्या वांटणींत त्या घराण्याचें नांवच बुडणार होतें. त्या पांच जणी मोशे, याजक, सरदार व सगळी मंडळी ह्यांच्यापुढें निवासमंडपाच्या दारीं उभ्या राहिल्या आणि त्यांनीं आपली गोष्ट सांगितली. एवढ्या मोठ्या लोकसमूहापुढें पांच अनाथ मुली त्या काय! पण मोशेनें त्यांस गप्प बसविलें नाहीं, कीं बहुमत घेतलें नाहीं. त्यानें त्यांचें गाऱ्हाणें देवापुढें नेलें, आणि मुलींचें म्हणणें रास्त आहे असें उत्तर मिळालें. पुढें छत्तिसाव्या अध्यायांत दुसरी बाजू येते. ह्या मुली परक्या वंशांत गेल्या तर वंशाची जमीन बाहेर जाईल, अशी काळजी वडील मंडळींस पडली. तेंही ऐकून घेतलें गेलें, आणि मुलींनीं आपल्याच वंशांत लग्नें करून सर्वांचें हित राखिलें. म्हणजे लहानांचा हक्कही खरा, आणि सर्वांच्या हिताची चिंताही खरी. दोन्ही एकाच दारीं मांडलीं गेलीं, आणि दोहोंस उत्तर मिळालें.

ह्यावरून असें दिसतें कीं, शाखा एक करतांना दोन पापें टाळावयाचीं असतात. एक मोठ्याचें पाप आहे. आपली रीति तीच सर्वांची रीति, आपला वार तोच सर्वांचा वार, आपलीं गीतें तींच सर्वांचीं गीतें, असें मोठी शाखा नकळत धरून चालते. ती लहानीला म्हणते, "तुम्ही या, जागा पुष्कळ आहे." पण ती स्वतः आपल्या जागेवरून हलत नाहीं. दुसरें लहानाचें पाप आहे, आणि तेंही आम्ही झांकूं इच्छित नाहीं. पुष्कळ वेळां लहान शाखा मुलींसाठीं जिवंत ठेविलेली नसते. पेटीची किल्ली कोणाच्या हातीं आणि वहीवर सही कोणाची, ह्यासाठीं ती जिवंत ठेविलेली असते. मुली दोन वर्षांपासून येत नाहींत, आणि वडीलधारीं माणसें मात्र शाखेच्या नांवासाठीं भांडत असतात. अशा अभिमानाला आम्ही निष्ठा म्हणूं शकत नाहीं.

परंतु ह्या दोन्ही पापांची शिक्षा पाप करणारांस होत नाहीं, ती एका तिसरीस होते. चाकणाहून पिंपरी सुमारें वीस किलोमीटर आहे. नकाशावर तें बोटभर अंतर दिसतें. कारखान्यांच्या मालमोटारींनीं भरलेल्या नाशिक रस्त्यावर तें तसें राहत नाहीं. चाकणाच्या आसपासच्या एखाद्या वाडींतील बारा वर्षांची मुलगी घ्या. बाप दुसऱ्या पाळीस कामावर गेलेला, आई धाकट्यांस घेऊन घरीं, आणि दिवस मावळल्यावर तिला परत आणणारें कोणी नाहीं. गांवांत शाखा होती तोंवर ती पायीं जात असे. शाखा पिंपरीस गेल्यावर ती राजीनामा देत नाहीं, गाऱ्हाणें करीत नाहीं, कोणाशीं भांडत नाहीं. एका रविवारीं ती दिसत नाहीं, एवढेंच. अहवालांत दोन शाखांची एक बलवान शाखा झाली असें छापून येतें, आणि तें खरेंही असतें. पण त्या बळाची किंमत जिला कोणीं कांहीं विचारिलें नाहीं तिनें दिलेली असते. नव्याण्णव मेंढरें सुखरूप आहेत, म्हणून मेंढपाळ हिशेब मिटवून निजला नाहीं, हें आपण मुलांस शब्बाथशाळेंत शिकवितों. तें आपल्या सभांच्या कामकाजांतही आठवावें.

तर मग शाखा एक करूंच नयेत काय? असें आम्ही म्हणत नाहीं. सहा मुलींस एकाकी ठेवण्यांतही प्रीति नाहीं. त्यांनाही मोठें शिबिर, चांगली शिक्षिका व मैत्रिणींचा घोळका मिळाला पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ठराव होण्यापूर्वीं कांहीं गोष्टी कराव्या. मोशेप्रमाणें प्रथम त्या मुलींस पुढें बोलवावें, आणि वडीलधाऱ्यांनीं मध्यें न बोलतां त्यांचें ऐकावें. मग प्रवास कोणीं करावा तें ठरवावें. एका बाईनें लहान गांवीं जाणें हें सहा मुलींनीं मोठ्या गांवीं जाण्यापेक्षां सोपें आहे; आणि सभा आळीपाळीनें प्रत्येक गांवीं भरली तर मोठ्या शाखेच्या मुलींसही वाडीची वाट कळेल. लहान शाखेची शिल्लक मोठ्या पेटींत पडली तर ती प्रथम त्याच गांवच्या मुलींवर खर्च व्हावी. शेवटीं मोठ्या शाखेनें आपण होऊन विचारावें, "आम्ही काय सोडावें?" ह्या प्रश्नाला ज्या शाखेपाशीं उत्तर नाहीं, तिनें ऐक्याची भाषा अद्याप बोलूं नये. आणि वर्ष झाल्यावर मोजावें. वहींत एकूण नांवें किती झालीं हें नव्हे. लहान शाखेंतल्या किती मुली अजून येतात, हें मोजावें.

आपणां ख्रिस्ती लोकांस हा धडा नवा नाहीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालें. मेथडिस्ट बंधूंपैकीं पुष्कळांनीं शेवटीं न येण्याचें ठरविलें. तरी ते आपले बंधुच आहेत, आणि एकाच प्रभूच्या मेजावर आपण व ते बसतों. त्या ऐक्यासाठीं कोणत्याही गांवचें प्रार्थनामंदिर उपटून नागपुरास नेलें नाहीं. नांव मोठें झालें, पण उपासना जेथल्या तेथेंच राहिली. मोठ्यांस जें मिळालें तेंच आपण आपल्या लेकींस द्यावें, एवढीच आमची विनंति आहे.

एक होण्याची किंमत कोणीं द्यावी, ह्या प्रश्नाचें उत्तर पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. जो सर्वांहून थोर होता त्यानें आपलें थोरपण धरून ठेविलें नाहीं. तो स्वतःस रिता करून आमच्यापाशीं आला. त्यानें आम्हांस आधीं वर चढून येण्यास सांगितलें नाहीं, तोच खालीं उतरला. म्हणून दोघांतला जो मोठा असेल त्यानें आधीं चालावें, आधीं सोडावें आणि आधीं विचारावें. उपदेशकहो, पाळकहो, आणि मुलींचें काम पाहणाऱ्या भगिनींनो, पुढल्या सभेंत शाखा एक करण्याचा ठराव निघाला, तर हात वर करण्यापूर्वीं त्या वाडींतल्या बारा वर्षांच्या मुलीची वाट एकदां पायीं चालून पाहा. ती वाट चालून आलेल्याचें मत काय पडेल, ह्याची आम्हांस मुळींच चिंता वाटत नाहीं.