रेणूपासून पाड्यापर्यंत

16 नोव्हेंबर 2023 रोजी ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. क्रिस्पर तंत्राने माणसाच्या जनुकात बदल करणारा हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. तीन आठवड्यांनी, 8 डिसेंबरला, अमेरिकेनेही सिकलसेलच्या 12 वर्षे आणि त्यावरील वयाच्या रुग्णांसाठी तो मंजूर केला. जीवाणू विषाणूंचा मुकाबला कसा करतात याचा अभ्यास करताना जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए यांना 2012 मध्ये ही जनुक कापणारी यंत्रणा हाताशी आली, 2020 मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि 2023 मध्ये उपचार रुग्णालयात पोचला. मूलभूत शोधापासून औषधापर्यंतची वाट इतक्या झपाट्याने क्वचितच कापली गेली असेल.

पण हीच गोष्ट आजाराच्या बाजूने मोजली तर वेगळे गणित हाती येते. सिकलसेलचे मूळ एका रेणूत आहे हे 1949 मध्येच सिद्ध झाले होते. तिथून 2023 पर्यंत 74 वर्षे गेली. त्या काळात अत्यंत स्वस्त आणि परिणामकारक असे दोन उपाय हाती आले, आणि तेही या आजाराच्या बहुसंख्य मुलांपर्यंत पोचले नाहीत. जीवशास्त्राच्या आजच्या भरारीबद्दल बोलताना ही दोन्ही गणिते एकत्र मांडली पाहिजेत. माझे म्हणणे असे, की शोध पाड्यावरच्या मुलापर्यंत नेणे हे शोध संपल्यावर उरणारे कारकुनी काम नाही. तेही विज्ञानच आहे, आणि त्यालाही तितकीच बुद्धी, तितकीच शिस्त आणि तितकाच मान लागतो.

आधी आजार समजून घेऊ. निरोगी माणसाच्या लाल पेशी गोल, मऊ आणि लवचीक असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या अंग चोरून निघून जातात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब ताठ काड्या तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी वाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. साधी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम दहावीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी. प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, आणि मग साधा जंतुसंसर्गही बाळाचा जीव घेऊ शकतो. जगात दरवर्षी सुमारे 5 लाख मुले हा आजार घेऊन जन्मतात. त्यांतली बहुसंख्य आफ्रिकेतली. त्यानंतर भारताचा क्रमांक वरचा आहे.

1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी कॅरिबियन बेटांवरून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात दिसलेल्या या विचित्र आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढची चार दशके तो केवळ रक्ताचा एक चमत्कारिक विकार होता. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात ठेवले, तेव्हा ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. वाहकांच्या, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेल्यांच्या, रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले आढळले. ‘रेणूचा आजार’ ही कल्पना वैद्यकात पहिल्यांदा अवतरली ती इथे. पुढे 1956-57 मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी नेमका दोष दाखवला: हिमोग्लोबिनच्या 146 अमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. सुमारे 300 कोटी अक्षरांच्या आपल्या जनुकीय मजकुरात एका अक्षराची ही चूक.

इतकी घातक चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून उत्तर दिले: ज्यांना आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळते त्यांना जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून संरक्षण मिळते. म्हणून जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथे हे जनुक रुजले. भारतात त्याची पहिली नोंद 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली आणि त्याच दशकात नागपुरातूनही मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध झाली. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीचे माडिया, चंद्रपूर-यवतमाळकडचे गोंड आणि प्रधान, आणि विदर्भातले अनेक दलित व इतर मागास समाज यांच्यात हे जनुक आज आढळते. विदर्भातल्या गावांत ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द लोकांच्या बोलण्यात आले आहेत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.

उपचाराची किल्लीही फार पूर्वीच दिसली होती. 1948 मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले, की सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच कमी असतात. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, जन्मानंतर काही महिने ते रक्तात टिकते आणि तोवर बाळ सुरक्षित राहते, असा त्यांचा तर्क होता. गर्भावस्थेतले हे हिमोग्लोबिन मोठेपणीही चालू ठेवता आले तर? ते बंद करणारा खटका सापडायला 2008 उजाडले. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांनी ‘बीसीएल-11-ए’ हे जनुक ते काम करते हे दाखवले. कॅसजेव्हीत नेमका हाच खटका लाल पेशींच्या पुरता निकामी केला जातो. रुग्णाच्या मूळ पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा आणि त्या पुन्हा शरीरात सोडायच्या. चाचणीत ज्यांच्यावर पुरेसा काळ लक्ष ठेवता आले अशा 31 रुग्णांपैकी 29 जणांना किमान सलग बारा महिने एकदाही तीव्र वेदनेचा झटका आला नाही. आयुष्यभर दर काही महिन्यांनी रुग्णालय गाठणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

या यशापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. पण त्याची किंमतही पाहिली पाहिजे. अमेरिकेत एका रुग्णाचा खर्च 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटी रुपयांच्या वर. बदललेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. त्यात वंध्यत्वाचा धोका असतो, आणि रुग्णाला अनेक आठवडे निर्जंतुक खोलीत राहावे लागते. सातपुड्यातल्या धडगावच्या किंवा गडचिरोलीतल्या भामरागडच्या कुटुंबासाठी पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, रक्तविकारतज्ज्ञ, निर्जंतुक कक्ष, रक्तघटकांची सोय असलेली रक्तपेढी आणि वर्षानुवर्षांची देखरेख यांतले जवळपास काय आहे?

आता ते दोन स्वस्त उपाय. पहिला पेनिसिलिनचा. 1986 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत सिकलसेलच्या लहान मुलांना दिवसातून दोनदा पेनिसिलिनची गोळी दिली, तेव्हा न्यूमोकॉकस जंतूचे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी घटले. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवून सगळ्याच मुलांना औषध सुरू केले. मात्र याचा उपयोग व्हायचा तर आजार जन्मतःच ओळखला गेला पाहिजे. दुसरा उपाय हायड्रॉक्सीयुरियाचा. हे रसायन 1869 मध्ये तयार झाले आणि नंतर रक्ताच्या कर्करोगात वापरले गेले. 1995 मध्ये 299 प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीने दाखवले, की त्याने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर येतात. ते कसे? मुख्यतः गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवून. म्हणजे 18 कोटींचा उपचार आणि रोजची साधी कॅप्सूल, दोन्ही जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये दाखवलेल्या एकाच दारातून आत शिरतात. जनुकातला बदल एकदाच करायचा आणि त्याचा परिणाम कितीतरी खोल. कॅप्सूल रोज घ्यायची आणि तिची मर्यादा ठरलेली. पण कॅप्सूल आज उपलब्ध आहे.

मग ती पोचत का नाही? इथे बहुतेक चर्चा ‘यंत्रणेची उदासीनता’ या शब्दांवर थांबते. मला ते उत्तर अपुरे वाटते, कारण न पोचण्यामागे खरेखुरे वैज्ञानिक प्रश्नही होते. पाश्चात्य पद्धतीत या औषधाची मात्रा शरीराला सोसेल तिथपर्यंत वाढवत नेतात आणि त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते. जिथे रक्त तपासणीसाठी तालुक्याला जायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, तिथे हे जमणार कसे? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न चाचणीत उतरवला. गंभीर त्रास असलेल्या मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम, अशी कमी आणि ठरीव मात्रा दिली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची गरज, दोन्ही मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले. आपल्या परिस्थितीत झेपेल अशी मात्रा आपल्याच मुलांमध्ये तपासून ठरवणे, हे पहिल्या प्रतीचे विज्ञान आहे.

आफ्रिकेतही तसेच झाले. मलेरियाच्या प्रदेशात हे औषध सुरक्षित राहील का, ही शंका अनेक वर्षे डॉक्टरांचा हात आखडून धरत होती. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा इथल्या सुमारे 600 मुलांना औषध देऊन पाहिले, तेव्हा 2019 मध्ये निकाल आला: झटके कमी झाले, मृत्यू कमी झाले आणि मलेरियाही कमी झाला. हे उत्तर बॉस्टनच्या प्रयोगशाळेत मिळण्यासारखे नव्हते. ते लुआंडा आणि किन्शासातच मिळू शकत होते.

असे प्रश्न अजून किती तरी आहेत. सहज मिळणारी कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची असते. 10 किलोच्या बाळाला रोज 100 मिलिग्रॅम द्यायचे तर आईने ती पाच भागांत कशी वाटायची? लहान मात्रेची गोळी किंवा उष्ण हवेत टिकणारे पातळ औषध सगळीकडे मिळाले, तर त्याने किती मुले वाचतील! तपासणीतही तसेच. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीत रक्त गढूळ दिसले तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. नमुना पाड्यावरून प्रयोगशाळेत जाणे आणि निकाल पुन्हा त्याच घरी पोचणे या वाटेवर किती नावे गळतात, हे मोजणे आणि ती गळती थांबवणे हा संशोधनाचाच विषय आहे. त्याचे कुठे कौतुक होत नाही, पण प्राण त्यावर अवलंबून आहेत.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, ही तिची उद्दिष्टे. इतकी मोठी तपासणी होते आहे, ही मोठीच गोष्ट. पण इथे इतिहासाचा एक इशारा लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेत 1972 च्या कायद्यानंतर तपासणीची लाट आली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक लोकांना नीट समजावला गेला नाही, आणि धडधाकट वाहकांना नोकरीत आणि विम्यात भेदभाव सोसावा लागला. आपल्याकडे हाच धोका लग्नाच्या बोलणीत आहे. वाहक हा आजारी नसतो. दोन वाहकांनी लग्न केले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. ती समजून घेऊन निर्णय घेण्याचा हक्क त्या दोघांचा आहे. तपासणीचे कार्ड पाहून मुलीला नाकारणे आणि दोष तिच्याच माथी मारणे, याला विज्ञानाचा कसलाही आधार नाही. शिवाय ज्यांना आजार आहे हे तपासणीत कळले, त्यांच्या हाती औषध पडले नाही तर आपण त्यांना फक्त भीती दिली, असे होईल. मोहिमेचे यश वाटलेल्या कार्डांवर मोजू नये. किती मुले वर्षभर नियमित औषध घेत आहेत यावर मोजावे.

मग महागड्या संशोधनाकडे पाठ फिरवायची का? अजिबात नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘नेक्सकार-19’ या कर्करोगावरील पेशी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत परदेशातल्या तशाच उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने सिकलसेलसाठी स्वतःचे क्रिस्पर तंत्र घडवले आहे. ‘बिरसा 101’ या नावाने ते नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले, आणि पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे त्याचे तंत्रज्ञान सोपवण्यात आले. 2025 मध्येच फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळाच्या यकृतातली जनुकीय चूक थेट शिरेतून औषध देऊन दुरुस्त करण्यात आली. पेशी बाहेर काढाव्या लागल्या नाहीत. उद्या सिकलसेललाही हा मार्ग खुला झाला, तर केमोथेरपी आणि निर्जंतुक खोली यांची अडचणच उरणार नाही.

पण तो दिवस आला तरी तो उपचार मिळेल कोणाला? ज्याचे निदान झाले आहे, ज्याचे नाव नोंदवहीत आहे, ज्याची आई आशाताईला ओळखते, आणि जो तोवर जिवंत आहे, त्यालाच. पेनिसिलिनची गोळी आणि हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल ज्या वाटेने पाड्यावर जाईल, त्याच वाटेने उद्याची जनुक-चिकित्साही जाईल. ती वाट आज बांधली नाही, तर कितीही थोर शोध लागला तरी तो शहराच्या वेशीवरच थांबेल.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. तुमचे मूळ विदर्भातले किंवा सातपुडा परिसरातले असेल, तर लग्नाआधी तपासणी करून घ्या. निकाल काहीही आला तरी तो लपवू नका आणि दुसऱ्याचा निकाल कधी त्याच्याविरुद्ध वापरू नका. 2016 च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाचा दर्जा दिला आहे. त्याचे लाभ तुमच्या ओळखीच्या कुटुंबाला मिळवून द्या. रक्तदान करा, कारण या मुलांना ते वारंवार लागते. तुम्ही डॉक्टर किंवा संशोधक असाल, तर पाड्यावरचा प्रश्न हा तुमच्या प्रबंधाला शोभणारा विषय आहे, हे माना. आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारत राहा: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया आज आहे का? त्याचे उत्तर ‘हो’ येईपर्यंत 1949 चा तो शोध पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.